कपाळावरची बंदूक

समर्थ साखर कारखाना जिथे आहे त्या अंकुशनगरला अंकुशराव टोपे यांचे नाव आहे. त्यांचे चिरंजीव राजेश टोपे कोरोनाकाळात राज्याचे आरोग्यमंत्री होते. तेव्हा ग्राहकाच्या रक्षणाला तंत्रज्ञान आले खरे, पण ते थबकले मॉलच्या दारात. ऑगस्ट २०२१ मध्ये मॉलप्रवेशासाठी दुसऱ्या डोसनंतर १४ दिवस उलटल्याचे प्रमाणपत्र लागे. संपर्क शोधणारे ‘आरोग्य सेतू’ ॲप ब्लूटूथवर चाले. साधा फोनवाला त्या ब्लूटूथच्या शोधातून आपोआप बाद. आणि ती कपाळावर रोखलेली तापमापक बंदूक! उन्हातून आलेल्या धडधाकट माणसाला ती अडवी, लक्षणे नसलेला बाधित मात्र बिनदिक्कत आत जाई. निव्वळ देखावाच म्हणायचा.

विषाणू बंद हवेत साचतो. तिथे हवा किती कोंडली हे दाखवणारा कार्बन डायऑक्साइड मापक खरा उपयोगी. मोकळ्या हवेत या वायूचे प्रमाण सुमारे ४२० पीपीएम असते; गर्दीच्या दुकानात ते हजारापार गेले की हवा कोंडली समजावे. गळीत हंगामात कारखान्यालगतच्या किराणा दुकानांत झुंबड उडते. व्यापारी संघटनांनी आणि ग्रामपंचायतींनी पुढच्या साथीची वाट न पाहता आताच असे मापक बसवावेत. आकडा चढला की शटर पूर्ण उघडावे आणि गिऱ्हाइकांना थोडा वेळ बाहेर थांबवावे.