समान वाटेला कायद्याचा आधार हवा

अमेरिकेत सिनसिनाटीच्या अपील न्यायालयाने २ जानेवारी २०२५ रोजी तिथली नेट न्यूट्रॅलिटी रद्द केली. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीने कोणतेही संकेतस्थळ अडवू नये, कोणत्याही अ‍ॅपचा वेग मुद्दाम कमी करू नये आणि पैसे घेऊन कुणाला पुढे काढू नये, एवढेच हे तत्त्व सांगते. तिथे ते फेब्रुवारी २०१५ मध्ये आले. डिसेंबर २०१७ मध्ये अजित पै तिथल्या दूरसंचार नियामक आयोगाचे अध्यक्ष असताना गेले. एप्रिल २०२४ मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी परतले आणि वर्ष पुरे होण्याआधीच न्यायालयात कोसळले. सरकार बदलले की पाच सदस्यांच्या आयोगाचे मत बदलले, एवढाच या दशकाचा इतिहास आहे. अमेरिकेच्या काँग्रेसने याबाबत स्पष्ट कायदा कधी केलाच नाही, आणि असा नियम करण्याचा अधिकार सध्याचा कायदा आयोगाला देत नाही, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. ज्या देशात इंटरनेट जन्मले तिथे त्याचा मूळ नियम असा कच्च्या पायावर उभा राहिला. आपल्याकडेही तो तसाच उभा आहे आणि त्याकडे कुणाचे लक्ष नाही, ही या अग्रलेखाची चिंता आहे.

भारतात हा नियम जनतेने मिळवला. डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने इंटरनेटवरून होणाऱ्या कॉलसाठी वेगळा दर लावण्याचे जाहीर केले आणि लोकांच्या संतापापुढे काही दिवसांत माघार घेतली. मार्च २०१५ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, अ‍ॅप आणि संकेतस्थळांचे नियमन करावे काय, असे विचारणारे शंभराहून अधिक पानांचे सल्लामसलत पत्र काढले. अशी पत्रे एरवी कंपन्यांचे वकील वाचतात आणि तेच उत्तरे देतात. या वेळी मात्र काही तरुण कार्यकर्त्यांनी त्या पत्राचा सोप्या भाषेत अर्थ लावून सांगितला, आणि दहा लाखांहून अधिक नागरिकांनी ट्रायला ईमेल पाठवले. एखाद्या तांत्रिक प्रश्नावर एवढी माणसे सरकारी कार्यालयाला लिहितात, हे या देशात पूर्वी घडले नव्हते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये एअरटेलच्या ‘झीरो’ योजनेतून फ्लिपकार्ट बाहेर पडली. अ‍ॅपच्या मालकाने कंपनीला पैसे द्यायचे आणि ग्राहकाला ते अ‍ॅप डेटा न कापता मिळायचे, अशी ती योजना होती.

खरी परीक्षा पुढे होती. फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साथीने फेब्रुवारी २०१५ मध्ये ‘इंटरनेट डॉट ऑर्ग’ ही सेवा सहा राज्यांत सुरू केली होती, त्यांत महाराष्ट्रही होता. पुढे तिचे नाव ‘फ्री बेसिक्स’ झाले. निवडक संकेतस्थळे मोफत उघडणार, बाकीच्यांसाठी डेटा विकत घ्यायचा. कोणती संकेतस्थळे आत येणार, त्याच्या तांत्रिक अटी फेसबुकच ठरवणार. गरिबांना काहीच नसण्यापेक्षा थोडे तरी मिळू द्या, असा प्रचार झाला. वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती आल्या, शहरांत फलक लागले, फेसबुक वापरणाऱ्यांच्या पडद्यावर ट्रायला पाठवायचे तयार पत्र झळकू लागले. मार्क झुकेरबर्ग यांनी स्वतः भारतीय वृत्तपत्रात लेख लिहिला.

त्या युक्तिवादात सहानुभूती वाटावी असे काही होतेच. गडचिरोलीच्या किंवा मेळघाटातल्या मुलीला अभ्यासाची चार पाने फुकट मिळत असतील तर ती का नाकारावीत, हा प्रश्न सहज झटकून टाकण्याजोगा नाही. पण ती चार पाने कोणती, हे ती मुलगी ठरवणार नव्हती, तिचे शिक्षकही ठरवणार नव्हते. तिला मराठी विश्वकोश उघडावासा वाटला आणि तो त्या यादीत नसला, तर तिच्यासाठी तो अस्तित्वातच नाही. इंटरनेटशी पहिली ओळख होतानाच कुंपणाच्या आतले जग म्हणजेच इंटरनेट अशी जिची समजूत होते, ती कुंपणाबाहेर कशी जाणार? आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्थेच्या अनेक प्राध्यापकांनी संयुक्त निवेदन काढून याच धोक्याकडे लक्ष वेधले. ट्रायने लोकांच्या पत्रांची नुसती मोजणी केली नाही. तयार पत्रांवर सह्या करणे म्हणजे आमच्या प्रश्नांना उत्तर देणे नव्हे, असे फेसबुकला सुनावण्याचे धैर्य आर. एस. शर्मा अध्यक्ष असलेल्या त्या संस्थेने दाखवले. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी आदेश निघाला: कोणते संकेतस्थळ किंवा कोणते अ‍ॅप यावरून डेटाचा दर बदलता येणार नाही. बहुसंख्य लोक अजून इंटरनेटवर यायचे असताना त्यांच्या प्रवेशाचे स्वरूप कंपन्यांना ठरवू देणे म्हणजे त्यांचा इंटरनेटचा अनुभवच कंपन्यांनी घडवणे होय, ही त्या आदेशामागची भूमिका होती. ट्रायच्या इतिहासातला तो सर्वांत चांगला निर्णय आहे, असे आमचे मत आहे.

एसटीचा वाहक प्रवाशाला तिकीट देताना तो बाजाराला चालला आहे की सासुरवाडीला, हे विचारून भाडे ठरवत नाही. डेटा वाहून नेणाऱ्यानेही तसेच वागायला हवे. पुढे नोव्हेंबर २०१७ मध्ये ट्रायने दरांपलीकडे जाऊन वेग आणि अडवणूक यांबाबतही शिफारशी केल्या, आणि २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने त्या स्वीकारून कंपन्यांच्या परवान्यांतच अट घातली. जगभर त्याचे कौतुक झाले, आणि ते रास्त होते.

आता या नियमाचा पाया पाहू. २०१६चा आदेश हे ट्रायचे विनियमन आहे, आणि दोन वर्षांनी किंवा त्याआधीही त्याचा फेरविचार करता येईल, असे त्यातच लिहिले आहे. २०१८ची अट ही परवान्यातली अट आहे. डिसेंबर २०२३ मध्ये संसदेने नवा दूरसंचार कायदा केला. शंभराहून अधिक वर्षे चाललेला १८८५चा टेलिग्राफ कायदा बाजूला सारून परवान्यांच्या जागी अधिकृततेची नवी पद्धत त्याने आणली. एवढ्या मोठ्या फेरमांडणीत नेट न्यूट्रॅलिटीला कायद्याच्या कलमात जागा मिळाली नाही. म्हणजे ती राहणार असेल तर सरकारी नियमांत आणि अटींत राहणार, आणि नियम अधिसूचनेने बदलता येतात. त्या अधिवेशनात विरोधी बाकांवरचे शंभराहून अधिक खासदार निलंबित होते आणि विधेयक फारशा चर्चेविना मंजूर झाले. दहा लाख नागरिकांनी ज्या प्रश्नावर लिहिले होते, त्यावर संसदेत तासभर बोलणे व्हायला हवे होते.

हे निकडीचे का, ते बाजाराकडे पाहिले की कळते. २०१५ मध्ये मोबाइल कंपन्या डझनभर होत्या. आज जिओ आणि एअरटेल या दोघांकडे मिळून देशातले जवळजवळ तीन चतुर्थांश मोबाइल ग्राहक आहेत. व्होडाफोन आयडियाचा सर्वांत मोठा भागधारक आता केंद्र सरकार आहे. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी एकाच आठवड्यात दर वाढवले आणि ग्राहकाने कुठे जायचे, याला उत्तर नव्हते. पर्याय भरपूर असतात तेव्हा लबाडी करणाऱ्या कंपनीला ग्राहक सोडून जातो. दोनच दारे उरली की नियमाखेरीज त्याला वाली नसतो.

दुसरा बदल याहून मोठा आहे. वाहतूकदार आता मालाचाही मालक झाला आहे. एप्रिल २०२० मध्ये फेसबुकने जिओ प्लॅटफॉर्म्समध्ये ४३,५७४ कोटी रुपये गुंतवले, आणि काही महिन्यांत गूगलनेही ३३,७३७ कोटी रुपये घातले. नोव्हेंबर २०२४ मध्ये रिलायन्स आणि डिस्ने यांचे मनोरंजन व्यवसाय एकत्र आले आणि फेब्रुवारी २०२५ पासून जिओहॉटस्टार सुरू झाले. इंटरनेटवर आयपीएलचे सामने तिथेच दिसतात. रिचार्जबरोबर वर्गणी मोफत देणे हा नियमभंग नव्हे, कारण सामना पाहताना डेटा त्याच मापाने कापला जातो. आमचा आक्षेप त्या योजनेला नाही. पण ज्याची वाहिनी त्याचाच चित्रपट, त्याचेच दुकान आणि त्याचाच पैसे पाठवण्याचा मार्ग असेल, तर दुसऱ्याच्या मालाला मागे ठेवण्याचा मोह कायम राहणार. पुण्यात किंवा कोल्हापुरात चार मुलांनी उभे केलेले मराठी मालिकांचे अ‍ॅप जर संध्याकाळी अडखळत चालू लागले, तर ते टॉवरवरच्या गर्दीमुळे की कुणी हात आखडता घेतल्यामुळे, हे त्यांना कसे कळणार? ग्राहक तर अ‍ॅपलाच दोष देऊन ते काढून टाकील.

हे काल्पनिक भय नाही. अमेरिकेत २००७ साली कॉमकास्ट ही कंपनी फाइलींची देवाणघेवाण करणारी वाहतूक गुपचूप तोडत होती. एका ग्राहकाने आपल्या संगणकावर तपासून ते पकडले, म्हणून जगाला कळले. तपासणीची सोय नसेल तर नियम कागदावरच राहतो. ट्रायने सप्टेंबर २०२० मध्ये कंपन्यांच्या वाहतूक-व्यवस्थापनावर नजर ठेवण्यासाठी कंपन्या, तज्ज्ञ, ग्राहक संघटना अशा सर्वांचा सहभाग असलेली यंत्रणा सुचवली होती. तिचे काम सामान्य ग्राहकाला दिसेल, तिचे अहवाल मराठीसह भारतीय भाषांत वाचता येतील, अशी व्यवस्था हवी. आणि दंडाचे काय? २०१६च्या आदेशात दिवसाला ५० हजार आणि जास्तीत जास्त ५० लाख रुपये दंड आहे. हजारो कोटींची उलाढाल असलेल्या कंपनीला तो भुर्दंड वाटणारच नाही.

कंपन्यांची मागणी आता नव्या रूपात आली आहे. यूट्यूब, नेटफ्लिक्स, व्हॉट्सअ‍ॅप आमच्या तारांवरून प्रचंड डेटा नेतात, तर तारांच्या खर्चात त्यांनी ‘न्याय्य वाटा’ उचलावा, असे दूरसंचार कंपन्यांची संघटना म्हणते. परदेशी धनाढ्यांनी थोडे पैसे दिले तर बिघडले कुठे, असे वरवर वाटते. पण डेटा कुणी आपल्या घरात ढकलत नाही, आपण तो मागवतो आणि रिचार्ज करून त्याचे पैसे देतो. तीच वाहतूक दुसऱ्या टोकाकडूनही वसूल केली, की तो खर्च शेवटी वर्गणीत किंवा सेवेच्या दर्जात आपल्याच माथी येतो. दक्षिण कोरियाने २०१६ पासून अशा शुल्काचा मार्ग धरला. नेटफ्लिक्स आणि एसके ब्रॉडबँड यांचा वाद वर्षानुवर्षे न्यायालयात चालला. ट्विच या थेट प्रक्षेपणाच्या सेवेने आधी तिथे चित्राचा दर्जा उतरवला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये, इतर देशांच्या कित्येक पट शुल्क परवडत नाही असे सांगून, तो देशच सोडला. बलाढ्य कंपनी असे शुल्क भरून टिकून राहते. चिरडला जातो तो नवा, छोटा उद्योग. युरोपातील दूरसंचार नियामकांच्या मंडळानेही २०२२ मध्ये अशा शुल्काला पुरेसे कारण दिसत नाही, असे म्हटले होते.

कंपन्यांची अडचण खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. २०२२च्या फाइव्ह-जी लिलावात दीड लाख कोटींच्या बोली लागल्या. महसुलाच्या व्याख्येवरच्या २०१९ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने काही कंपन्यांचे कंबरडे मोडले. पण ती कंपन्या आणि सरकार यांच्यातली देणी आहेत. स्पेक्ट्रमची किंमत, शुल्क, हप्ते यांवर सरकारने त्यांच्याशी खुशाल बसून बोलावे. इंटरनेटची समान वाट त्या हिशेबात गहाण टाकू नये. सहकार्याने काम होते, हेही आपण पाहिले आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा ताण कमी व्हावा म्हणून व्हिडिओ सेवांनी मोबाइलवरच्या चित्राचा दर्जा आपणहून उतरवला. त्यासाठी कुणाला शुल्क द्यावे लागले नाही.

फाइव्ह-जीमुळे आणखी एक दार उघडले आहे. एकाच जाळ्याचे भाग पाडून प्रत्येक भागाला वेगळा वेग देता येतो. कारखान्यातल्या यंत्रांना किंवा दूरस्थ शस्त्रक्रियेला असा राखीव भाग द्यावा, त्यात वावगे काही नाही. विशेष सेवांना मुभा आहेच, फक्त ती सर्वसाधारण इंटरनेटची जागा घेणारी नसावी आणि त्याचा दर्जा घटवणारी नसावी, हे ट्रायने २०१७च्या शिफारशींतच सांगितले होते. उद्या एखाद्या गेमला किंवा खरेदीच्या अ‍ॅपला असा राखीव भाग विकला गेला, तर २०१६ मध्ये पुढच्या दाराने नाकारलेली गोष्ट मागच्या दाराने घरात आली असे होईल. ही सीमा तंत्रज्ञांच्या समजुतीवर सोडता येणार नाही. ती कायद्यात लिहावी लागेल.

चिलीने २०१० मध्ये कायदा केला, नेदरलँड्सने दोन वर्षांत तेच केले, युरोपीय संघाने २०१५ मध्ये सर्व सदस्य देशांना बांधणारा नियम केला. त्याच आधारावर सप्टेंबर २०२१ मध्ये तिथल्या न्यायालयाने निवडक अ‍ॅपचा डेटा न मोजणाऱ्या योजना बेकायदा ठरवल्या. कायदा असला की न्यायालयाला हातात धरायला काही मिळते. भारताच्या संसदेनेही २०२३च्या दूरसंचार कायद्यात दुरुस्ती करून अडवणूक, मुद्दाम मंदगती आणि पैसे घेऊन दिलेले प्राधान्य या तिन्हींना स्पष्ट मनाई करावी, कंपनीच्या उलाढालीच्या प्रमाणात दंड ठेवावा आणि दुहेरी शुल्काची मागणी फेटाळावी. महाराष्ट्राचे ४८ खासदार लोकसभेत आहेत. त्यांच्यापैकी मंत्री नसलेला कुणीही खासगी विधेयक मांडून या चर्चेला सुरुवात करू शकतो. वाचकांनी आपल्या मतदारसंघातल्या खासदाराला याबद्दल पत्र लिहावे, आणि ट्रायचे पुढचे सल्लामसलत पत्र निघेल तेव्हा आपले म्हणणे तिथे मराठीतून, स्वतःच्या शब्दांत नोंदवावे.