भाषेची मालगुजारी

एस्पेरांतोचे नाव निघाले की आपल्याकडील सुशिक्षित माणूस किंचित हसतो. कुणा एका नेत्रवैद्याने घरी बसून एक भाषा तयार केली, साऱ्या जगाने ती बोलावी अशी आशा धरली आणि जगाने तिच्याकडे पाठ फिरवली, एवढीच हकीकत त्याच्या कानावर आलेली असते. तात्पर्यही तयार असते. भाषा झाडासारखी वाढते, ती घडवता येत नाही. इंग्रजी आपोआप जगाची भाषा झाली, तसेच जे व्हायचे ते आपोआप होते! हा ‘आपोआप’ शब्द मोठा सोयीचा आहे. ज्यांच्या पदरात आधीच काही पडलेले असते, त्यांना तो विशेष प्रिय असतो.

वस्तुस्थिती काय होती? लुडविक झामेनहोफ १८५९ साली बियालिस्टोक येथे जन्मला. तेव्हाच्या रशियन साम्राज्यातील या गावात ज्यू, पोल, रशियन आणि जर्मन असे चार समाज चार भाषा बोलत शेजारी राहात आणि एकमेकांकडे संशयाने पाहात. १८८७ साली वॉर्सा येथे त्याने ‘डॉक्टर एस्पेरांतो’, म्हणजे ‘आशा बाळगणारा डॉक्टर’, या टोपणनावाने आपल्या भाषेची पुस्तिका प्रसिद्ध केली. व्याकरणाचे नियम अवघे सोळा. नामाचा शेवट ‘ओ’ने, विशेषणाचा ‘आ’ने, अपवाद नाही. ‘बोना’ म्हणजे चांगले, ‘मालबोना’ म्हणजे वाईट. विरुद्धार्थी शब्द निराळे पाठ करायला नकोत. भाषेवरचा आपला कर्तेपणाचा हक्क त्याने स्वतः होऊन सोडून दिला. १९०५ साली फ्रान्समधील बुलोन येथे पहिले जागतिक अधिवेशन भरले, तेव्हा अनेक देशांतून आलेली शेकडो माणसे दुभाष्यावाचून एकमेकांशी बोलली. तेव्हा भाषा चालण्याजोगीच नव्हती, हे म्हणणे खरे नाही. ती चालत होती.

मग तिला अडवले कुणी? पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघापुढे प्रस्ताव आला की शाळांतून एस्पेरांतो शिकवण्याच्या प्रश्नाचा विचार व्हावा. तो मांडणाऱ्यांत चीन, इराण, हिंदुस्थान अशा देशांचे प्रतिनिधी होते. ज्यांची भाषा जिनिव्हात कुणी ऐकून घेत नव्हते, असे देश. त्याला कडवा विरोध फ्रान्सने केला, कारण मुत्सद्देगिरीची भाषा तोवर फ्रेंच होती. १९२२ साली फ्रान्सच्या शिक्षणमंत्र्याने सरकारी शाळांत एस्पेरांतो शिकवण्यास बंदीच घातली. पुढे हिटलरने ही भाषा ज्यूंच्या कारस्थानाचे हत्यार ठरवली. स्टालिनच्या राजवटीत १९३७-३८ साली एस्पेरांतोवादी हेर म्हणून पकडले गेले. तिथल्या संघटनेचा नेता एर्नेस्ट द्रेझेन याला गोळी घालण्यात आली. झामेनहोफच्या मुलाला नाझींनी १९४० साली ठार मारले आणि दोन्ही मुली १९४२ साली त्रेब्लिंका येथील छळछावणीत मारल्या गेल्या. व्याकरण अपुरे म्हणून मेलेल्या भाषेचा हा इतिहास नाही. ज्यांना तिची भीती वाटली त्यांनी तिची माणसे वेचून मारली, असा हा इतिहास आहे.

भीती कशाची, हे समजायला अर्थशास्त्रातील एक जुनी संकल्पना उपयोगी पडते: खंड. रिकार्डोने १८१७ साली दाखवून दिले की सुपीक जमिनीचा मालक स्वतः काही न करता केवळ मालकीच्या बळावर उत्पन्नाचा वाटा घेतो. भाषेचेही तसेच आहे. ज्याची मातृभाषा व्यवहाराची भाषा ठरली, त्याची शिकण्याची वर्षे वाचतात. त्याची पुस्तके, त्याचे शिक्षक, त्याच्या परीक्षा दुसऱ्यांना विकत घ्याव्या लागतात. वादात तो घरच्या मैदानावर असतो. स्विस अर्थशास्त्रज्ञ फ्रान्स्वा ग्रँ याने २००५ साली फ्रान्सच्या एका सरकारी मंडळासाठी हिशेब मांडला. युरोपात इंग्रजीला मिळालेल्या स्थानामुळे ब्रिटनला दरवर्षी किमान १० अब्ज युरोंचा लाभ होतो आणि त्याऐवजी एस्पेरांतो स्वीकारली तर युरोपची वर्षाला सुमारे २५ अब्ज युरोंची बचत होईल, असा त्याचा निष्कर्ष होता. आकड्यांवर वाद घालता येईल. पण खंड घेतला जातो आणि तो दुसरा कुणी भरतो, हे नाकारता येत नाही. एस्पेरांतोचा गुन्हा एवढाच की तिने सर्वांना सारखेच कष्ट करायला सांगितले.

तिचे गोडवे गाताना भाबडेपणाही नको. तिचे धातू जवळजवळ सगळे युरोपीय भाषांतले आहेत, त्यामुळे ती इटालियनाला सोपी आणि तेलुगू माणसाला अवघड. आणि भाषा एक झाली की वैर संपेल, हा झामेनहोफचा विश्वास तर अगदीच चुकीचा होता. सावकार आणि कूळ एकच भाषा बोलतात; वनरक्षक आणि मोहफुले वेचणारी बाई यांना एकमेकांचे म्हणणे पुरते कळत असते.

सिंदेवाहीच्या परिसरात खंड म्हणजे काय हे कुणाला शिकवावे लागत नाही. इथले तलाव अजून ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणूनच सरकारी दप्तरात नोंदले जातात. १९५० च्या कायद्याने मालगुजार गेला; भाषेची मालगुजारी मात्र चालू आहे. इथला शेतकरी बांधीत रोवणी करतो, पाठ्यपुस्तक खाचरात लावणी करते. झाडीबोलीत ‘ण’चा ‘न’ होतो, ‘ळ’चा ‘र’ होतो, आणि तेवढ्यावरून हुशार मुलगी वर्गात तोंड मिटून बसते. वैनगंगा ओलांडून गडचिरोलीत गेले की हा खंड दुप्पट होतो. तिथे गोंडी, माडिया बोलणाऱ्या मुलाला आधी प्रमाण मराठीचा आणि मग इंग्रजीचा, असा दोन मालकांचा सारा भरावा लागतो.

यावर उत्तर येते की प्रमाण मराठी ही नैसर्गिक भाषा आहे, तिची तुलना कृत्रिम भाषेशी कशी करता? पण प्रमाण मराठी तरी कुठल्या रानात आपोआप उगवली? मोल्सवर्थचा कोश १८३१ सालचा, दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ सालचे, शाळेच्या पुस्तकांवर मेजर कँडीची कात्री, आणि शुद्धलेखनाचे नियम सरकारने मान्य केले ते १९६२ साली. कार्यालयात, समितीत, छापखान्यात बसून माणसांनी ही भाषा घडवली. त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही. लाज वाटावी ती आपली भाषा निसर्गाने दिली आणि दुसऱ्याची बोली ही अशुद्धता, या आढ्यतेची.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य सरकारने पहिलीपासून हिंदी आणण्याचा निर्णय काढला, महाराष्ट्र खवळला, आणि २९ जून रोजी सरकारला माघार घ्यावी लागली. विरोध रास्तच होता. परंतु सहा वर्षांच्या मुलावर परकी भाषा लादू नये, असे सांगणाऱ्या त्या गर्जनेत किती जणांना एटापल्लीच्या मुलाची आठवण झाली? त्याच्यावर मराठी कित्येक वर्षे पहिलीपासूनच लादली जात आहे. लोकांचा कारभार लोकांच्या भाषेत, या तत्त्वावर एस. एम. जोशींनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संयुक्त महाराष्ट्राचा लढा दिला. भाषावार प्रांतरचनेत त्याच तत्त्वाचा लाभ गोंडांना मात्र मिळाला नाही. चांद्यात एकेकाळी ज्यांचे राज्य होते ते अनेक राज्यांत वाटले गेले आणि प्रत्येक ठिकाणी अल्पसंख्य ठरले.

एका राज्यात गोंडी देवनागरीत लिहायची, दुसऱ्या राज्यात तेलुगू लिपीत; शब्दही प्रांतागणिक बदलले. अशा वेळी या समाजाने जे केले ते झामेनहोफच्या कामाच्या जवळ जाणारे आहे. ‘सीजीनेट स्वरा’च्या पुढाकाराने २०१४ पासून निरनिराळ्या राज्यांतील गोंड कार्यशाळांत एकत्र बसले, कोणत्या वस्तूला कुठे काय म्हणतात हे ताडून पाहिले, आणि २०१८ साली हंपीच्या कन्नड विद्यापीठात सुमारे ३००० शब्दांचा प्रमाण गोंडी कोश सिद्ध झाला. एकट्या वैद्याने घरी बसून घडवलेली ही भाषा नव्हे. बोलणाऱ्यांनीच आपापसांत केलेला हा करार आहे, आणि त्यात खंड घेणारा कुणी नाही. या कोशालाही ‘कृत्रिम’ म्हणून हसणारे निघतीलच.

या समाजाला सरकारने काय दिले? २०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे २९,८४,४५३ होते आणि संस्कृत मातृभाषा सांगणारे २४,८२१. संस्कृत राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आहे, गोंडी नाही. २००३ साली बोडो आणि संताळी यांना तिथे जागा मिळाली, म्हणजे दार उघडता येते. घटनेचे कलम ३५० अ सांगते की भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय राज्याने करावी. धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने हे कलम शासनाच्या आधी अमलात आणले. २०१९ साली तिने स्वतःची गोंडी माध्यमाची शाळा काढली. शिक्षण खात्याने तिला पुस्तके दिली नाहीत, शाळा अनधिकृत असल्याची नोटीस दिली.

खर्च परवडणार नाही, हा मंत्रालयातील ठरलेला आक्षेप. पण खर्च आजही होतोच आहे. पहिली-दुसरीत काहीच न कळता बसून राहिलेली मुले, चौथीनंतर सुटलेली शाळा, न वाचता अंगठा उठवलेला वनहक्काचा कागद, आरोग्य केंद्रात न सांगता आलेले दुखणे, ही त्याची शीर्षे आहेत. अंदाजपत्रकात ती छापली जात नाहीत, इतकेच. तेव्हा मोहगावसारख्या शाळांना रीतसर मान्यता आणि अनुदान, धानोरा, एटापल्ली, भामरागड येथे पहिल्या दोन इयत्तांसाठी गोंडी-माडिया जाणणारे शिक्षक, आणि ग्रामसभेच्या सूचना व वनहक्काचे अर्ज त्या भाषांत, या तीन गोष्टींची तरतूद येत्या अंदाजपत्रकात झाली पाहिजे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या आमदारांनी ती विधानसभेत मागावी. जूनमध्ये मराठीसाठी जे रस्त्यावर उतरले होते, त्यांनी त्या दिवशी प्रेक्षक सज्जात येऊन बसावे.