नवे पार्ट, जुनी घासाघीस

मुंबईतल्या एका संस्थेच्या सभागृहातला जुना ग्रँड पियानो दुरुस्तीला काढला, तेव्हा समितीत मीही होतो. अंदाजपत्रकात दोन रकमा होत्या. एक सुट्या भागांची, दुसरी 'रेग्युलेशन'ची, म्हणजे भाग बसवल्यानंतर आतली सगळी यंत्रणा जुळवून घेण्याची. पहिली रक्कम पाच मिनिटांत मंजूर झाली. दुसरीवर अर्धा तास घासाघीस. "पार्ट बसले की झालं, वर आणखी चार दिवस कसले?" असं एकाने विचारलं. शेवटी ती रक्कम निम्मी केली आणि त्या कागदावर मीही सही केली. ती सही चूक होती, हे सांगण्यासाठी हा लेख.

कारागीर वयस्कर, सगळे त्यांना चाचा म्हणतात. ते एवढंच म्हणाले, "निम्मं करतो. पण कोणतं निम्मं, ते तुम्ही सांगा." आम्ही हसलो. पैशांत बसेल तेवढं काम करून ते गेले. हातोड्या नव्या, दांड्या नव्या, आणि पियानो आधीपेक्षा वाईट. काही हातोड्या तारेवरच चिकटून बसत आणि सूर दबून जाई. काही उसळून दोनदा आपटत. हळू वाजवायला गेलं तर आवाजच येईना. समितीत लगेच बोलणं सुरू झालं, की कारागीरच कच्चा दिसतो.

चाचांना पुन्हा बोलावलं, ठरलेले पूर्ण पैसे दिले, आणि या वेळी मी दोन दिवस शेजारी बसून राहिलो.

हार्मोनियमची पट्टी दाबली की झडप उघडते, हवा सुरापर्यंत पोहोचते. पियानोचं तसं नाही. बोट हातोडीला फक्त फेकतं. तार दीड-दोन मिलिमीटरवर आली की खालचा जॅक निसटतो आणि उरलेलं अंतर हातोडी आपल्या वेगाने जाते. ती निसटलीच नाही, तर तारेला दाबून धरते. परतताना तिला मागचा एक अडसर पकडतो. तो नीट पकडत नसेल तर हातोडी उसळते. पट्टी पुरती वर येण्याआधीच तोच सूर पुन्हा वाजवता यावा म्हणून एक स्प्रिंग असते. ही सोय पॅरिसच्या सेबास्तियाँ एरार यांची, 1821 सालच्या पेटंटची. स्प्रिंग ढिली तर सूर पुन्हा वाजत नाही, कडक तर हातोडी झटका देते.

मग नव्या भागांनी बिघडलं काय? जुन्या हातोड्यांचं फेल्ट झिजलं होतं. दांडीखालचा कातडी रोलर चपटा झाला होता. वर्षानुवर्षांची सगळी अंतरं त्या झिजेला धरून लावलेली होती. नवी हातोडी भरीव, नवा रोलर गोल. साहजिकच हातोडी वर आली आणि प्रत्येक माप चुकलं. भाग चांगले होते, म्हणूनच मापं नव्याने घ्यावी लागणार होती.

आणि ही मापं एकमेकांत गुंतलेली. हातोडी तारेपासून साधारण 45 मिलिमीटरवर, पट्टी साधारण 10 मिलिमीटर खाली जाणारी. यातलं एक हलवलं की दुसरं बिघडतं. म्हणून चाचांनी आधी पट्ट्यांची चौकट खालच्या फळीवर घट्ट बसते का ते पाहिलं. ती डुगडुगली तर वरची सगळी मेहनत वाया. मग नमुन्यादाखल काही पट्ट्या पूर्ण लावल्या, आणि त्यांच्या मापाने बाकीच्या. अशा 88. एक फेरी झाली की दुसरी. यातली कोणती निम्मी फेरी आम्ही कापली होती, ते मला तेव्हा कळलं.

हे आपल्याला नवं वाटायला नको. मिरजेच्या सतारमेकरांकडे नवी घोडी बसवली म्हणून सतार बोलत नाही. जवारी लावावी लागते. घासायचं, वाजवून ऐकायचं, पुन्हा घासायचं. घोडीची किंमत सांगता येते, त्या कानाची बिलात जागा नसते.

पैसे कमी असतात, हे खरं आहे. पण मग भाग कमी बदला. भाग फार झिजले नसतील तर नुसत्या रेग्युलेशननेही पियानो पुष्कळ सुधारतो. उलटं मात्र होत नाही. आणि नवं फेल्ट वाजवून वाजवून दबतं, म्हणून काही महिन्यांनी एक फेरी पुन्हा लागतेच. ती पहिल्याच अंदाजपत्रकात धरा.

आपल्या समाजातली किती तरी माणसं हाताच्या कामावर जगतात. गॅरेजात, सुतारकामात, वाद्यांच्या दुकानात. त्यांच्या हातात जादू आहे, असं आपण कौतुकाने म्हणतो. मग बिल आलं की पार्टचे पैसे मुकाट्याने देतो आणि मजुरी कापतो. कौतुक थोडं कमी केलं तरी चालेल. मजुरीचा आकडा तेवढा तसाच राहू द्या.

पियानो आता नीट वाजतो. चाचांची पुढची फेरी पावसाळ्यानंतर आहे. या वेळी ती रक्कम मंजूर करा, असं समितीत मीच आधी म्हणणार आहे.