बंदुकीवरचा उजेड

कळमनुरी तालुक्यात रब्बीचे पीक हाताशी येऊ लागले की रात्रीच्या शिवाराला दिवसापेक्षा अधिक जाग असते. उत्तरेला पैनगंगा आणि इसापूर धरणाचा जलाशय, अलीकडे कयाधूचे खोरे, ओढ्यानाल्यांच्या काठची झुडपी राने, आणि या रानांना अगदी खेटून हरभरा, ज्वारी, तूर, हळद. रानडुकरांचा कळप एका रात्रीत भुईमुगाचे वावर नांगरल्यासारखे उकरून जातो. रोही हरभऱ्याचे शेंडे खुडत या बांधावरून त्या बांधावर जातात. जागलीच्या माणसाकडे पूर्वी कंदील आणि गोफण असे, आता बॅटरी असते. पीकसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक ज्याच्या घरी आहे, त्याला तर नळीखाली बसवायची आणि लांबवर उजेड फेकणारी प्रखर विजेरी असावी, असे वाटू लागल्यास त्यात आश्चर्य नाही. ही इच्छा समजण्याजोगी आहे. ती कितपत शहाणपणाची आहे, हा प्रश्न वेगळा.

विजेरी विकणारा ‘ल्यूमेन’चा आकडा पुढे करतो. ल्यूमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. तो सगळीकडे पसरला तर अंगण उजळेल, पण वावराच्या पलीकडचा बांध दिसणार नाही. लांबवर पाहायचे तर तो प्रकाश एका दिशेने किती एकवटला आहे हे पाहावे लागते, आणि ते माप ‘कॅन्डेला’चे. उजेडाचा पल्ला म्हणून वेष्टणावर छापलेले अंतर म्हणजे जेथे तो उजेड पाव लक्स, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका उरतो, ते अंतर. दहा हजार कॅन्डेलाच्या विजेरीचा पल्ला या हिशेबाने 200 मीटर येतो. तो 400 मीटर करायचा तर वीस हजार नव्हे, चाळीस हजार कॅन्डेला लागतात, कारण अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाईवर येतो. शाळेत शिकवला जाणारा व्यस्त वर्गाचा नियमच येथे लागू पडतो. तो विसरून घेतलेली दुप्पट किमतीची बॅटरी दुप्पट लांब दाखवीत नाही.

आणि समजा दाखवले, तरी पुढे काय? 1959 च्या शस्त्र कायद्याने पीकसंरक्षणासाठी मुख्यतः ठासणीची बंदूक कल्पिली आहे. ती अपुरी ठरते असे परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटले, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देता येते. अशा बंदुकीतून सुटणाऱ्या छऱ्यांचा भरवसा पस्तीस-चाळीस मीटरपर्यंत. म्हणजे उजेड चारशे मीटरचा आणि बंदूक चाळीस मीटरची! लांबच्या जनावरावर गोळी झाडण्याचा मोह तेवढा वाढतो आणि जखमी डुक्कर उसात किंवा तुरीत शिरते. सकाळी त्या तुरीत पाऊल टाकणाऱ्या मजुरावर त्याचे परिणाम होतात.

याहून गंभीर बाब डोळ्यांची आहे. गाय, शेळी, कुत्रा, रोही, काळवीट यांच्या डोळ्यांच्या मागच्या बाजूस प्रकाश परतवणारा एक पडदा असतो. त्यामुळे बॅटरीच्या झोतात ते डोळे चमकतात आणि जाणता माणूस त्या चमकेवरून जनावर ओळखतो. डुकराच्या डोळ्यात हा पडदा नाही. माणसाच्या डोळ्यातही नाही. तेव्हा ज्वारीच्या ताटांआड वाकून हालणारा एक काळा आकार दिसला आणि डोळे चमकले नाहीत, तर ते रानडुक्कर असेल, किंवा दारे धरणारा शेजारी असेल. विजेरी कितीही प्रखर असली तरी एवढ्यावरून निर्णय होत नाही. धुके असेल तर उलट तोच झोत समोर पांढरी भिंत उभी करतो. शिवाय अंधाराला सरावण्यास डोळ्यांना वीस ते तीस मिनिटे लागतात; प्रखर उजेड विझल्यानंतर विजेरीवाल्याला आपल्या पायाजवळचेही दिसत नाही.

बंदुकीला जडलेल्या विजेरीचा मूळ दोष मात्र उजेडाच्या प्रमाणाचा नाहीच. समोर कोण आहे हे पाहण्यासाठीच नळी त्याच्यावर रोखावी लागते, हा तो दोष आहे. ओळख पटण्याआधी नेम धरला जातो. शस्त्र हाताळण्याच्या साऱ्या शिस्तीच्या हे विरुद्ध आहे. जिम कॉर्बेट यांनी 1926 च्या मे महिन्यात रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या रात्री विजेरीच्या झोतात मारला, हे उदाहरण शिकारकथांचे वाचक पुढे करतील. परंतु त्या मुलुखात अंधार पडताच घरांची दारे बंद होत असत. कळमनुरीच्या शिवारात परिस्थिती नेमकी उलटी आहे: माणसे रात्रीच घराबाहेर असतात.

ती का असतात? कारण कृषिपंपांना थ्री-फेज वीज पाळीने मिळते आणि ती पाळी अनेकदा रात्रीची असते. हळद नऊ महिने शेतात उभी राहणारे, पाण्याचे पीक. मध्यरात्री लाइट आली की मोटार चालू करायची आणि बाऱ्याला वाकून दारे मोडायची. थंडी असो, साप असो, डुकरे असोत. रात्रीचा पुरवठा ठरवणाऱ्या कचेरीला या चित्रातला बंदूकवाला दिसत नाही, आणि बंदुकीचा परवाना देणाऱ्या कचेरीला पाणी देणारा दिसत नाही.

कायद्याची बाजू पुष्कळांना अर्धवट ठाऊक असते. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 साली झाला तेव्हा परवान्याने शिकार चालू होती. तरीही त्याच्या 17 व्या कलमाने सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंतच्या आणि कृत्रिम उजेडातल्या शिकारीस सर्वसाधारणपणे मनाई केली होती. 1991 च्या दुरुस्तीने शिकारीच्या परवान्यांची ती व्यवस्थाच रद्द झाली. 2022 च्या दुरुस्तीनंतर काळवीट पहिल्या अनुसूचीत, तर रोही आणि रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहेत. उभ्या पिकाला धोकादायक ठरलेल्या दुसऱ्या अनुसूचीतील जनावरास मारण्याची लेखी परवानगी 11 व्या कलमान्वये वनखात्याचा अधिकृत अधिकारी देऊ शकतो. तो कागद हाती नसेल तर बंदुकीचा परवाना असूनही ती शिकार गुन्हाच ठरते. बंदुकीचा परवाना जिल्हा प्रशासनाकडून आणि जनावराची परवानगी वनखात्याकडून, हा भेद गावोगाव समजावून सांगण्याचे काम कोणी अंगावर घेतलेले दिसत नाही. शिक्षकांना, तलाठ्यांना, ग्रामसेवकांना ते सहज करता येईल. अर्थात त्यांच्यावर आधीच लादलेल्या कामांची यादी लांबलचक आहे, हेही खरे.

शेतकऱ्याला एवढे सांगून मोकळे होणे अन्यायाचे होईल. रानडुकरांनी केलेल्या नुकसानीसाठी सरकारी मदतीची तरतूद आहे, पण अर्ज, पंचनामा आणि प्रतीक्षा यांत हंगाम निघून जातो. अशा वेळी माणूस कुंपणात थेट वीज सोडतो. तो मार्ग तर बंदुकीहून भयंकर, कारण तारेला डोळेच नसतात आणि तिच्यावर बळी पडणाऱ्यांत कित्येकदा त्याच गावची माणसे असतात.

तेव्हा प्रखर विजेरी घ्यायचीच असेल तर ती हातात धरण्याची घ्यावी. तिचा झोत लांब पडावा आणि ती जागलीच्या माळ्यावरून फिरवावी. हाकारा, फटाके आणि उजेड यांनी जनावर पुष्कळदा निघून जाते, आणि तेवढेच हवे असते. वनखात्याने परवानगी दिली तर त्या रात्री कोणत्या गटात बंदूक चालणार आहे हे आधी दवंडीने कळवले जावे, आणि त्या गटालगतच्या रोहित्राला त्या दिवशी दिवसाचीच पाळी असावी. त्यासाठी वनपरिक्षेत्र कार्यालय व वीज कंपनीचे उपविभागीय कार्यालय यांनी एकमेकांना एक पत्र लिहिणे पुरे आहे. शेतीला दिवसा वीज देण्यासाठी 2017 मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली आणि 2023 मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली. रानाला लागून असलेल्या गावांचे फीडर या योजनेत आधी घ्यावेत, ही मागणी तालुक्यातील लोकप्रतिनिधींनी लावून धरली पाहिजे.