मुक्तीचा गेटपास कुणाच्या खिशात?



ख्रिस्ताला न मानणाऱ्याचा उद्धार होईल काय, हा प्रश्न चर्चवाले दीड हजार वर्षांहून जास्त काळ घासतायत. तो परका म्हणून सोडून देऊ नका. आमच्या औंढा नागनाथला याच प्रश्नाचं देऊळ उभं आहे.

नागनाथापुढं कीर्तनाला उभ्या राहिलेल्या नामदेव शिंप्याला पुजाऱ्यांनी मागं हाकललं, तर देऊळच त्याच्याकडं फिरलं, असं सगळा हिंगोली जिल्हा सांगतो. नंदी मागं राहिला तो त्यामुळंच म्हणे. गोष्ट झक्कास. पण पुढचं कुणी बोलत नाही. देऊळ फिरलं, किल्ली नाही फिरली. आत कोण, बाहेर कोण, हे ठरवणारा हात तोच राहिला.

आता पोपच्या चर्चकडं बघा. १४४२ साली फ्लॉरेन्सच्या परिषदेनं लिहून टाकलं : मूर्तिपूजक, यहुदी, पाखंडी, जे मरणाआधी चर्चमध्ये येणार नाहीत ते कायमच्या आगीत. रोखठोक हिशोब. पुढं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६४ मध्ये दार किलकिलं केलं : स्वतःचा दोष नसताना ज्याला ख्रिस्त कळला नाही, पण जो मनापासून देव शोधतो, त्याचाही उद्धार होऊ शकतो. कार्ल राहनर नावाच्या जर्मन पंडितानं अशा माणसाला नाव दिलं, 'अनामिक ख्रिस्ती'.

किती उदार! म्हणून टाळ्या पिटणारे आपल्यातही आहेत. थांबा जरा. ही चाल ओळखीची आहे. बुद्धाला हुसकून भागलं नाही तेव्हा त्याला विष्णूचा नववा अवतार केला. आम्हाला माणूस म्हणवेना तेव्हा हरिजन म्हटलं. न विचारता दुसऱ्याच्या कपाळावर आपलं नाव गोंदायचं आणि त्याला दया म्हणायचं! १९५६ च्या नागपुरातल्या बावीस प्रतिज्ञांपैकी पाचवी नेमकी या अवतारबाजीवरच आहे. दीक्षाभूमीवरचे लाखो लोक मुळात अनामिक ख्रिस्तीच होते, असं उद्या कुणी म्हणालं, तर त्यांनी स्वतःच्या पायांनी ओलांडलेला उंबरठा त्यांच्याकडूनच चोरला.

पंडित म्हणेल, ख्रिस्त सगळ्यांसाठी मेला, मग कुणीही तरला तर त्याच्यामुळंच. यात अपमान कसला? अपमानाचं सोडा हो, ही मालकी आहे. गोदीच्या गेटावर पास मागतात, कारण गोदीला मालक आहे. माणसाच्या सुटकेला मालक कोण? बाबासाहेबांनी दाखवलेला बुद्ध मोक्षदाता नाही, मार्गदाता आहे. रस्ता दाखवणारा गेटावर बसून पास तपासत नाही.

मिशनचं देणं आम्ही नाकारत नाही. जोतिबा स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल वसवलं, तिथं मांग-महारांना थारा मिळाला. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये 'देवाचा दरबार' काढला, बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले एकत्र बसवले. तरी दरबार ख्रिस्ताचाच. जोतिबा त्याआधीच पुढं गेले होते. १८९१ मध्ये छापलेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त त्यांनी एकच घर दाखवलं : बाई बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान, मुलगा सत्यधर्मी, आणि सगळे मायेनं नांदतायत. कोण तरणार, हा प्रश्नच त्या घरात उरत नाही.

आणि मेल्यानंतरचं राहू द्या. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आत घेतले, १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती झालेला महार-मांग बाहेरच. गाव त्याची जात विसरत नाही, सरकार मात्र विसरतं. तामिळनाडूत काही ठिकाणी दलित ख्रिस्त्याचं प्रेतसुद्धा वेगळ्या जागी पुरतात. एकच बाप्तिस्मा, एकच येशू, आणि माती वेगळी!

तेव्हा पाद्रीबाबा, आमचा उद्धार होईल की नाही याची चिंता नका करू. तुमच्याच वेशीवर उभ्या असलेल्या तुमच्याच भावाचं बोला. ते थडग्यामधलं कुंपण तोडा. त्याच्या दाखल्यासाठी मोर्चा काढा. क्रूस घेऊन या, आम्ही निळा झेंडा घेऊन येतो. तिथं पास कुणी मागणार नाही.

जय भीम.