थ्री-नॉट-थ्रीच्या गोळीचं टोक

मंडळी, १८५७ चं काडतूस आपण सगळेच शाळेत शिकलो. काडतुसाच्या कागदाला लावलेली चरबी, तो कागद दातांनी तोडायचा, आणि मग उठलेला वणवा. चरबीची ती कुजबुज जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळच्या डमडमला सुरू झाली. पण त्याच डमडमच्या कारखान्यात चाळीसेक वर्षांनी एक गोळी तयार झाली, तिची गोष्ट वर्गात क्वचितच निघते. माझ्या मते ती निघायला हवी.

थ्री-नॉट-थ्री म्हटलं की आपल्याला पोलिसाच्या खांद्यावरची जुनी लांबलचक रायफल आठवते. या .३०३ च्या सुरुवातीच्या गोळीत आत शिसं आणि वर तांबं-निकेलचं संपूर्ण आवरण असे. गोळी शरीरातून सरळ आरपार जाई. १८९५ च्या चित्रळ मोहिमेनंतर इंग्रजांची तक्रार सुरू झाली, की गोळी लागली तरी वायव्य सरहद्दीवरचा लढवय्या थांबत नाही! मग डमडमच्या कॅप्टन बर्टी-क्ले यांनी टोकावरचं आवरण काढून शिसं उघडं ठेवलं. मऊ शिसं शरीरात शिरताच पसरतं आणि जखम भयंकर होते. १८९७ च्या तिराह मोहिमेत ही गोळी पठाणांवर चालली.

१८९९ मध्ये हेगच्या परिषदेत अशा गोळ्यांवर बंदी आली. ब्रिटन आणि अमेरिकेचा विरोध होता. ब्रिटिश प्रतिनिधीचा युक्तिवाद असा, की सुसंस्कृत सैनिक एका गोळीत खाली बसतो, 'रानटी' माणूस बसत नाही. आणि गंमत पाहा, बंदी लागू होती ती फक्त सही करणाऱ्या राष्ट्रांच्या आपसातल्या युद्धात. पठाणांना कोण सही करायला बोलावणार?

ब्रिटनने १९०७ मध्ये बंदी मान्य केली. १९१० मध्ये नवी 'मार्क सेव्हन' गोळी आली. टोकदार, १७४ ग्रेन, म्हणजे सुमारे सव्वाअकरा ग्रॅम. आवरण पुढून पूर्ण, नियमात चोख बसणारं. पण आत टोकाशी हलकं ॲल्युमिनियम आणि मागे जड शिसं. त्यामुळे वजन मागे, आणि शरीरात शिरली की गोळी कोलमडून आडवी होते. नियमाचं अक्षर पाळलं, अर्थ मात्र वाऱ्यावर!

लोक म्हणतात, हत्यार निर्जीव असतं, दोष चालवणाऱ्याचा. मला हे अर्धंच पटतं. गोळी चालवणाऱ्या शिपायाच्या हाती येण्याआधीच कुणीतरी टेबलाशी बसून ठरवलेलं असतं, की ती कशाची करायची, टोक उघडं ठेवायचं की झाकायचं, वजन पुढे ठेवायचं की मागे. आणि ते ठरवताना समोरचा माणूस आपल्याइतकाच माणूस आहे की नाही, हेही ठरून गेलेलं असतं. डमडमच्या गोळीत तो निवाडा उघड दिसतो. म्हणून मुलांना सनावळीबरोबर हेही सांगावं.

तुम्हाला काय वाटतं? जरूर कळवा.