बाळाचं गाठोडं: काय ठेवायचं, काय काढायचं

गेल्या महिन्यात वस्तीतल्या एका घरी नामकरण विधी होता. दहा बाय बाराची पत्र्याची खोली. तथागत आणि बाबासाहेबांच्या तसबिरींपुढे मेणबत्त्या लावल्या, त्रिशरण-पंचशील झालं, बाळाचं नाव ठेवलं, खीर वाटली. मग बाया आहेराकडे वळल्या.

एका बाजूला बाळाच्या मामानं आणलेला चकचकीत खोका होता. त्यात पावडर, साबण, तेल, दूध पाजायची बाटली आणि दुधाच्या भुकटीचा डबा. दुसऱ्या बाजूला गावाहून आलेल्या पणजीनं जुन्या लुगड्यात बांधून आणलेलं गाठोडं. त्यात दोन गोधड्या, चार दुपटी, लंगोटं, झबली, एक कुंची, पिशवीभर नाचणी, घुटी उगाळायची सहाण, काजळाची डबी आणि काळा दोरा.

खोका सगळ्यांनी हातात घेऊन पाहिला. गाठोडं मात्र सासूनं पलंगाखाली सरकवलं. मला म्हणाली, "राहू द्या सिस्टर, म्हातारीला काय कळतंय आताचं."

बाळाची आई गप्प होती. बाळाला सव्वा महिना झाला होता आणि सोमवारपासून ती पुन्हा धुण्याभांड्याच्या कामावर जाणार होती.

बहिणींनो, आज मला या खोक्याबद्दल, या गाठोड्याबद्दल आणि त्या सोमवारबद्दल बोलायचं आहे.

खोका का हवासा वाटतो?

शहरात आता नाचणीचे लाडू सुंदर डब्यांत महाग विकले जातात. जुन्या साड्यांच्या गोधड्या प्रदर्शनात लागतात. ज्यांनी गरिबी पाहिली नाही त्यांना त्याचं कौतुक वाटतं. आपलं तसं नाही. आपल्या आज्यांनी फाटक्या लुगड्यांच्या गोधड्या शिवल्या, कारण पांघरूण विकत घ्यायला पैसा नव्हता. नाचणी खाल्ली, कारण गहू परवडत नव्हता. म्हणून आपल्या मुलानं पहिला पगार झाल्यावर भाच्यासाठी चकचकीत खोका आणला, तर त्यामागची भावना मला कळते. "माझ्या घरचं लेकरू चिंध्यांत वाढणार नाही," असं त्याला म्हणायचं असतं. त्याला मी हसणार नाही.

पण एक प्रश्न विचारायलाच हवा. बाळाला इज्जत कशानं मिळते, डब्यानं की वजनानं? बाळाला डब्यावरचं चित्र दिसत नाही. त्याला पोटभर दूध लागतं, कोरडं अंग लागतं आणि आईची ऊब लागते.

दुसरी चूकही तितकीच मोठी आहे. "आमच्या आजीनं केलं, आम्ही जगलो ना," असं म्हणून गाठोड्यातलं सगळं डोळे मिटून वापरणं. जी जगली नाहीत ती लेकरं सांगायला आलेली नाहीत. बुद्धांनी कालामांना सांगितलं की परंपरेनं आलं म्हणून मानू नका, मोठ्यांनी सांगितलं म्हणून मानू नका, स्वतः तपासून पाहा. आपण हे वर्षावासात ऐकतो. ते बाळाच्या पाळण्यापाशीही लागू करावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

गाठोड्यातलं काय ठेवायचं

त्या दिवशी मी गाठोडं पलंगाखालून काढलं आणि सगळ्यांसमोर उघडलं.

गोधडी आणि दुपटी ठेवायची. अनेकदा धुतलेलं जुनं सुती कापड मऊ असतं, घाम आणि ओल शोषून घेतं, अंगाला टोचत नाही. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत दिवसभर प्लॅस्टिकचा डायपर घातलेल्या बाळाचे जांघाडे कसे लाल होतात, ते तुम्ही पाहिलंच असेल. लंगोटं साबणानं धुवा, साबण पूर्ण काढा, कडक उन्हात वाळवा. खोलीत ऊन येत नसेल तर गल्लीत दोरी बांधा, पण ओलसर कापड बाळाला बांधू नका. गोधडी अंगाखाली घाला. पांघरलीच तर छातीपर्यंतच, तोंडावर कधीच नको. बाळाला उताणं झोपवा.

तेल लावायचं असेल तर हलक्या हातानं लावा. पण नाकात, कानात, टाळूवर तेल ओतायचं नाही.

जुन्या कापडाचा चेंडू, चिंध्यांची बाहुली ही खेळणीही चांगली. फक्त डोळ्यांना बटण किंवा मणी लावू नका, दोऱ्यानं टाके घालून डोळे काढा. डबीत मटकी घालून खुळखुळा केलात तर झाकण पक्कं शिवा किंवा चिकटवा. एक दाणा श्वासनलिकेत गेला तर लेकरू हातचं जातं.

नाचणीही ठेवायची, पण सहा महिन्यांनंतर. त्याबद्दल पुढे सांगते.

काय काढायचं

काजळ काढा. घरी धरलेलं असो की दुकानातलं, त्यानं डोळे मोठे होत नाहीत. बोटानं आणि काजळानं डोळ्यांत जंतू जातात. काही काजळांत शिसं असतं आणि ते बाळाच्या मेंदूला घातक असतं.

घुटी, मध, ग्राइपवॉटर काढा. पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही. मे महिन्यातही वरचं पाणी नाही, कारण आईच्या दुधात बहुतेक पाणीच असतं. अपवाद फक्त डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधाचा आणि लसीचा. मध तर वर्ष होईपर्यंत चाटवूच नका. त्यातल्या एका जंतूच्या विषानं लहान बाळ लुळं पडू शकतं. नाळेवरही हळद, राख, तेल काही लावायचं नाही. ती कोरडी ठेवली की आपोआप गळते.

धुरी आणि बाजेखालची शेगडी काढा. एका दाराच्या खोलीत तो धूर बाळाच्या छातीत जातो.

आणि काळा दोरा. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात दृष्ट कशी लागते, हे मला अजून कुणी समजावलेलं नाही. गळ्यातला दोरा अडकून बाळाचा गळा आवळू शकतो. बाळ सुकत असेल तर कुणाची नजर लागलेली नसते. दूध कमी पडत असतं, किंवा जुलाब, ताप, न्यूमोनिया असतो. दृष्ट काढण्यात जो दिवस जातो, तोच दवाखान्यात जायचा दिवस असतो.

डबा आणि बाटली

आता खोका उघडू. पावडर बाजूला ठेवा. ती उडते आणि बाळाच्या श्वासात जाते.

डब्याचं प्रकरण जास्त गंभीर आहे. आपल्या देशात १९९२ साली बाळाच्या डब्यातल्या दुधाबद्दल आणि बाटल्यांबद्दल कायदा झाला, २००३ साली तो आणखी कडक केला गेला. या वस्तूंची जाहिरात करायला आणि आयांना फुकट नमुने वाटायला बंदी आहे. आईचं दूधच बाळासाठी सर्वांत चांगलं, हे डब्यावर छापावंच लागतं. सरकारला असा कायदा का करावा लागला, याचा विचार करा.

मी नोकरीत असताना चार महिन्यांचं एक बाळ वजनाला आणलं होतं. वजन जन्मापेक्षा जेमतेम किलोभर वाढलेलं. आई कामाला जायची, आजी डब्याचं दूध पाजायची. चारशे ग्रॅमचा डबा फक्त त्यावरच असलेल्या बाळाला आठवडाभरही पुरत नाही. यांनी तो पंधरा दिवस पुरवला. मापाच्या निम्मी भुकटी, बाकी पाणी. बाळाला रोज पोटभर पाणी मिळत होतं. त्या आजीला मी रागावले नाही. तिनं निर्दयपणा केला नव्हता, हिशेब केला होता. बाटलीच्या बुचात जमलेल्या दुधानं जुलाब झाले ते वेगळंच.

आई आजारी असेल, आई नसेल आणि डॉक्टरांनी डबा लिहून दिला असेल, तर जरूर द्या आणि लाज बाळगू नका. पण माप पूर्ण घ्या, पाणी उकळून घ्या, आणि बाटलीऐवजी वाटी-चमच्यानं पाजा. जुनं बोंडलंही नको. त्याच्या चोचीत घाण अडकते. उघडी वाटी घासून उकळता येते.

सहा महिन्यांनंतर

सहा महिने झाले की आईच्या दुधाबरोबर वरचं अन्न सुरू करायचं, आणि दूध दोन वर्षांपर्यंत किंवा पुढेही चालू ठेवायचं. इथे पणजीची नाचणी कामाला येते. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. तांदळात, गव्हात त्याच्या जवळपासही नसतं.

नाचणी रात्रभर भिजवा, फडक्यात बांधून मोड आणा, सावलीत वाळवा, मंद भाजून दळा. मोड आलेल्या पिठाची पेज फार दाट होत नाही, म्हणून तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावतं. त्यात भाजलेल्या मूगडाळीचं पीठ आणि चमचाभर तेल किंवा तूप घाला. गोडीसाठी पिकलं केळं कुस्करा. वर्षाच्या आत साखर आणि मीठ नको. चमचा तिरका केला तरी चटकन ओघळणार नाही इतकं दाट ठेवा. डाळीचं वरचं पाणी पाजून बाळाचं वजन वाढत नाही. दोन-तीन चमच्यांनी सुरू करून हळूहळू अर्ध्या वाटीवर न्या. आधी दिवसातून दोन-तीन वेळा, नऊ महिन्यांनंतर तीन-चार वेळा.

आणि एक गोष्ट मोकळेपणानं लिहिते. बाळाच्या आहाराचे तक्ते बहुतेकदा असे छापले जातात की जणू महाराष्ट्रात सगळे वरण-तूप-भातवालेच राहतात. सहा महिन्यांनंतर बाळाच्या अंगातलं लोह संपत येतं. उकडून कुस्करलेलं अंडं, नीट शिजवून वाटलेली कलेजी, काटे काढलेली ताजी मासळी यांतून बाळाला लोह आणि प्रथिनं चांगली मिळतात. कलेजीतलं लोह पालेभाजीतल्या लोहापेक्षा शरीराला लवकर लागतं. हे आपल्या चुलीवर शिजणारं अन्न आहे. त्याची लाज वाटून बाळाला बिस्किट चहात बुडवून देऊ नका. जे मांसाहार करत नाहीत त्यांनी डाळी आणि शेवग्याचा पाला द्यावा, वर लिंबू पिळावं.

अंगणवाडीतून सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत घरी न्यायचा आहार मिळतो. तो हक्कानं घ्या. तिथेच दर महिन्याला वजन करा आणि तक्त्यावरची रेघ स्वतः बघा. रेघ वर जाते की नाही, हीच खरी पारख.

आणि सोमवार

हे सगळं सांगून झाल्यावर ती बाळंतीण पहिल्यांदा बोलली. "सिस्टर, सहा महिने अंगावर पाजायचं म्हणता. पण मी चार घरची कामं सोडली तर खोलीचं भाडं कोण देणार?"

तिचं बरोबर होतं. ज्यांच्याकडे उत्तर नाही त्यांना नुसता सल्ला देणं हा एक प्रकारचा अपमानच असतो.

२८ जुलै १९२८ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी मांडलं होतं, की प्रसूतीच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे आणि त्याचा भार मोठ्या प्रमाणात सरकारनं उचलावा. १९२९ साली तो कायदा झाला. आज नोकरदार बाईला पहिल्या दोन बाळंतपणांत सव्वीस आठवड्यांची पगारी रजा आहे. धुणीभांडी करणाऱ्या बाईला मात्र रजा देणारा मालक नाही. २००८ च्या घरेलू कामगार कल्याण मंडळाच्या कायद्यात प्रसूतीच्या मदतीची तरतूद आहे, मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला पाच हजार रुपये आहेत. नोंदणी करून घ्या, अर्ज भरा. पण पाच हजारांत सहा महिने निघत नाहीत, हे सरकारलाही मोर्चा काढून सांगावं लागेल.

तोवर काय करायचं? त्या घरापुरतं आम्ही बसून ठरवलं. कामावर जाण्याआधी आई पाजून जाईल आणि स्वच्छ हातानं दूध पिळून झाकणाच्या वाटीत ठेवेल. ते सावलीत, थंड जागी चार तास राहतं. सासू वाटी-चमच्यानं पाजेल. चारपैकी दोन घरं सहा महिने जाऊबाई करेल. रात्रीची लंगोटं बाळाचा बाप धुईल. तो आधी हसला, मग त्यानं बादली उचलली.

पण प्रत्येक घरात सासू नसते, जाऊ नसते. म्हणून माझी विनंती विहाराच्या समितीला आणि महिला मंडळाला आहे. आपल्या बऱ्याच विहारांना सकाळी वंदना झाली की कुलूप लागतं, ते संध्याकाळी उघडतं. त्या वेळात तिथे पाळणाघर चालू शकतं. दोन बाया आळीपाळीनं बसतील. जयंतीच्या वर्गणीतून दोघींचं मानधन निघेल. मंडळाच्या बायांनी जुन्या साड्या गोळा करून दुपटी शिवावीत आणि वस्तीत जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाला एक गाठोडं विहाराकडून जावं. त्यात काजळ नसेल, दोरा नसेल, बाटली नसेल. दुपटी असतील, वाटी-चमचा असेल, वजनाचा तक्ता असेल.

निघताना पणजीनं मला विचारलं, "मग माझं काय काय ठेवलंस गं?"

मी म्हटलं, "आजी, काजळ, सहाण आणि दोरा सोडून सगळं."

ती म्हणाली, "सहाण ठेव. चटणी वाटायला होईल."

जयभीम.